गच्चीवरचा मांडव आणि सासूबाईंच्या करंज्या

पत्र:

‘काकू, सलाम. मी वडगाव शेरीत राहते, वय ३४. माहेर-सासर दोन्हीकडे तीन पिढ्या ख्रिस्ती. दोन वर्षांपासून एका घरगुती अभ्यासगटात जाते. तिथे शिकवतात की लेवीय २३ मधले सण यहुद्यांचे नाहीत, ‘परमेश्वराचे’ आहेत. ते ‘सर्वकाळचा विधी’ म्हणून दिलेत. मंडळीने, म्हणजे चर्चने, ते टाकले आणि नाताळ-ईस्टर हे मूर्तिपूजकांचे सण धरले. मला हे पटलंय. मागच्या डिसेंबरात मी करंज्या करायला बसले नाही, दाराला चांदणी लावू दिली नाही. सासूबाई नगरकडच्या. सासरे गेल्यापासून आमच्याकडेच असतात. आठ दिवस बोलल्या नाहीत. नवरा मंडळीच्या कमिटीत, त्याची पंचाईत. मुलगा नऊ वर्षांचा. विचारतो, ‘आई, आपण अजून ख्रिस्ती आहोत ना?’ यंदा मांडवांच्या सणाला गॅलरीत मांडव घालते म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, ‘गणपती आत्ता कुठे गेले, आता कसला मांडव?’ काकू, ख्रिस्ती माणसाने बायबलमधले सण पाळावेत की नाही, एवढं सांगा. – गोंधळलेली बहीण’

प्रिय बहिणी,

सलाम. ‘एवढं सांगा’ म्हणालीस खरी, पण पत्रात प्रश्न तीन आहेत: सणांचा, नाताळाचा आणि स्वयंपाकघरातल्या अबोल्याचा. तिसरा सगळ्यात अवघड, म्हणून पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकते. पाळावेसे वाटतात तर पाळ. पाळलेच पाहिजेत असं कोणी सांगत असेल तर ऐकू नकोस. आणि तेच तू घरात सांगत असशील तर थांब.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ पुन्हा काढून वाच. यरुशलेमेत वडीलधारे जमले ते नेमक्या ह्याच भांडणासाठी. यहुदी नसलेले लोक विश्वास ठेवू लागले होते. त्यांच्यावर मोशेचं नियमशास्त्र किती घालायचं? पुष्कळ वादावादी झाली आणि शेवटी चार गोष्टी पत्रात लिहून पाठवल्या. मूर्तीला वाहिलेलं खाऊ नका, रक्त नको, गुदमरवून मारलेल्याचं मांस नको, जारकर्म नको. सणांचा त्यात एक शब्द नाही. विसरले म्हणावं, तर ती सगळी माणसं लहानपणापासून वल्हांडण, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाचं जेवण, खात मोठी झालेली.

पौलाचंच बघ. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमेत पोचायचं म्हणून तो इफिसाला न थांबता पुढे जातो (अध्याय २०). आणि हाच माणूस गलतीकरांवर चिडतो की तुम्ही दिवस, महिने, सणांचे काळ पाळायला लागलात, मी तुमच्यासाठी केलेले कष्ट पाण्यात गेले की काय! तुमच्या गटात ह्यातलं पहिलं वाक्य वाचत असतील आणि तुझ्या नवऱ्याच्या कमिटीत दुसरं. दोन्ही एकाच माणसाची आहेत. त्यानेच यहुदी आईच्या तीमथ्याची सुंता केली आणि ग्रीक तीताची होऊ दिली नाही. यहुद्याने यहुद्यासारखं जगायला त्याची ना नव्हती. तीच गोष्ट तारणाची अट म्हणून परक्याच्या गळ्यात बांधली की त्याचं डोकं फिरायचं.

मग कलस्सैकरांस पत्र, २:१६. सण, अमावास्या, शब्बाथ ह्यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये. हे वचन आमच्या बाजूचे लोक ‘बघा, सण संपले’ म्हणून दाखवतात. तुमचे लोक म्हणत असतील की पौल सण पाळणाऱ्यांनाच धीर देतोय, लोकांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका म्हणून. खरं सांगू का, नुसत्या त्या ओळीवर दोन्ही अर्थ बसतात. पुढच्या ओळीत त्या गोष्टींना ‘छाया’ म्हटलंय, तिथे मात्र पारडं माझ्या मते आमच्या बाजूला झुकतं. पण कुठलाही अर्थ घेतलास तरी न्याय करायला मनाई आहेच, आणि मागच्या डिसेंबरात तू चांदणी उतरवून सासूबाईंचा न्याय केलास. रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात एक जण एखादा दिवस मोठा मानतो, दुसरा सगळे सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी असं आहे. ‘आपल्या’ मनाची, गं.

आता ‘सर्वकाळचा विधी’. शब्द आहेत, मी नाकारत नाही. पण अक्षर धरायचं तर सगळंच धरायला हवं. अनुवाद १६ प्रमाणे वल्हांडणाचं कोकरू वाटेल त्या गावात मारता येत नाही. परमेश्वर निवडील त्याच ठिकाणी. वर्षातून तीनदा पुरुषांनी तिथे हजर व्हायचं. ते मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमनांनी पाडलं. निर्गम १२:४८ सांगतं की सुंता न झालेल्याने वल्हांडण खाऊ नये. आणि ज्या मांडवासाठी एवढं रामायण झालं, सात दिवस त्यात राहायची आज्ञा लेवीय २३:४२ मध्ये कोणाला आहे? जन्माने इस्राएली असलेल्यांना. वडगाव शेरीचं नाव त्यात नाही.

पण अनुवाद १६:१४ मध्ये तुझं नाव सापडतं. मांडवांच्या सणात आनंद कोणी करायचा ह्याची यादी आहे तिथे: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, आणि तुझ्या गावातला उपरी, अनाथ, विधवा. आपण त्या यादीतले उपरी. उपऱ्याला सणाला बोलावणं आहे, त्याने यायचं, जेवायचं, आनंद करायचा. घरमालकाला उठवून त्याच्या पाटावर बसायचं नाही. ‘यहुद्यांचे नाहीत, परमेश्वराचे आहेत’ हे तुमच्या गटाचं वाक्य मला टोचतं ते इथे.

कारण पुण्यात हे सण ज्यांचे आहेत ती माणसं अजून राहतात, आणि मराठी बोलतात. लष्करातलं लाल देऊळ तू पाहिलं असशील, डेव्हिड ससूननी बांधायला घेतलेलं, १८६७ मध्ये पुरं झालेलं. ती बगदादी यहुद्यांची वास्तू. पण रास्ता पेठेत दुसरं एक सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनामंदिर, आहे, १९२१ मधलं, बेने इस्राएलांचं. त्याचं नाव सुक्कथ शेलोमो. म्हणजे शलोमोचा मांडव. तू गॅलरीत घालायला निघालीस तो मांडव ह्या शहरात शंभरावर वर्षं एका इमारतीच्या नावातच उभा आहे, आणि मला नाही वाटत तुमच्या गटातलं कोणी कधी तिथे जाऊन ‘सलाम’ म्हणालंय.

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले शनवार तेली. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ते नाव. बाकीच्या यहुदी जगाशी संबंध तुटलेल्या काळातही त्यांनी सण धरून ठेवले, आणि नावं ठेवली ती अस्सल आपली. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, म्हणून ‘दारफाळणीचा सण’. एक ‘खिरीचा सण’. आणि वल्हांडणाच्या दिवसांतला ‘अनशी ढाकाचा सण’, म्हणजे आंबट कालवणाची बरणी झाकून ठेवायचा सण. कुठल्याही धर्मपंडिताला सुचलं नसतं असं नाव आहे हे, स्वयंपाकघरातून आलेलं. पुढे एकोणिसाव्या शतकात जॉन विल्सनसारख्या स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळांत त्यांची मुलं शिकली. विल्सननी तर मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. म्हणजे त्यांच्या हातात हिब्रू बायबल द्यायला आपलेच लोक गेले होते, आणि आता त्यांचे सण त्यांचे नाहीत हे सांगायलाही आपलेच.

माझ्या शाळेत रास्ता पेठेतली एक मैत्रीण होती. पुढे ती इस्राएलला गेली. शुक्रवारी तिच्या घरी गेलं की ओट्यावर काळ्या मनुका भिजत घातलेल्या असायच्या. त्यांचा रस गाळून तो शब्बाथाच्या प्रार्थनेला द्राक्षारसाच्या जागी घ्यायचे. तिच्या आईने एकदा मला विचारलं होतं, ‘तुमचं ईस्टर नेहमी आमच्या सणाच्या आसपास कसं गं येतं?’ मला सांगता आलं नाही. घरी येऊन वडिलांना विचारलं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की प्रभुभोजन वल्हांडणाच्या रात्रीचं आहे आणि पेंटेकॉस्ट म्हणजे त्यांचा सप्तकांचा सण. गोव्याच्या कोकणीत तर ईस्टरला अजून पास्कांचें फेस्तच म्हणतात. पास्का म्हणजे वल्हांडण. तेव्हा ‘मंडळीने सण टाकले’ हेसुद्धा अर्धंच खरं. दोन सण आपण पाळतोच, वेगळ्या कपड्यांत.

ते कपडे कसे बदलले ह्याबद्दल मात्र तुमच्या गटाचं थोडं ऐकायला हवं. इसवी सन १५५ च्या सुमारास स्मुर्ण्याचा म्हातारा बिशप पोलिकार्प रोमला गेला. आशियातल्या मंडळ्या वल्हांडण यहुदी महिन्याच्या चौदाव्या तिथीला पाळायच्या, वार कुठलाही असो, रोमवाले रविवारी. (पुणेकरांना हे समजावायला नको. टिळक पंचांग आणि इतर पंचांगं ह्यांच्या अधिकमासाच्या हिशेबात कधी कधी गणपती महिनाभर मागेपुढे होतात, आणि तरी जोशांकडचा मोदक कोणी नाकारत नाही. यहुदी कालगणनेतही १९ वर्षांत सात वेळा अधिक महिना घालतात.) पोलिकार्प आणि रोमचा बिशप अनिकेत, कोणी कोणाचं ऐकलं नाही. दोघांनी एकत्र प्रभुभोजन घेतलं आणि शांतीने निरोप घेतला. चाळीसेक वर्षांनी व्हिक्टर नावाच्या बिशपने आशियावाल्यांना बहिष्कृत करायचं काढलं, तेव्हा इरेनियस नावाच्या दुसऱ्या बिशपने त्याला ह्याच भेटीची आठवण करून दिली. पुढे ३२५ मध्ये निकायाची धर्मसभा झाली आणि तिने ईस्टर यहुदी तिथीपासून सोडवलं. त्यानंतर रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने मंडळ्यांना पाठवलेल्या पत्राचा सूर कडवट आहे: यहुद्यांशी आपलं काही समाईक नको. ३८६ मध्ये अंत्युखियात योहान ख्रिसोस्तोम हा प्रसिद्ध प्रवचनकार सिनेगॉगमध्ये सणाला जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर तुटून पडला, ते प्रवचन आज वाचताना लाज वाटते. तेव्हा सण सुटले ते काही केवळ पौलामुळे सुटले नाहीत. द्वेषाचाही हात होता. हे मी कमिटीवाल्यांनाही सांगीन.

पण त्या द्वेषाची भरपाई नक्कल करून होत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका मंडळीत ‘प्रभूने केलं अगदी तसंच’ वल्हांडणाचं जेवण पाहिलं. प्रत्येक ताटात चिठ्ठी लावलेले सहा पदार्थ, चार वेळा पेला भरायचा, कडू भाजी म्हणून कारल्याच्या चकत्या. कारल्याला माझी हरकत नाही. पण ते ताट आणि तो क्रम बराचसा मंदिर पडल्यानंतरच्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, बसवलेला आहे; चार पेल्यांचा नियम आपल्याला लिहिलेला मिळतो तो मिश्ना ह्या त्यांच्या नियमसंग्रहात, म्हणजे साधारण इसवी सन २०० मध्ये. मंदिर नाही, कोकरू नाही, मग सण जगवायचा कसा ह्या दुःखातून त्यांनी तो घरात आणला. ते त्यांचं कर्तृत्व. आपण त्यावर ‘येशूचं शेवटचं भोजन’ अशी पाटी लावायची म्हणजे दुसऱ्याच्या आजीची पैठणी नेसून फोटो काढण्यातला प्रकार.

त्यापेक्षा ‘अनशी ढाका’च्या त्या बरणीवरून शीक. खमीर ही गोष्ट मराठी घरात कुठे आहे ते शोधून बघ. यहुदी हिशेबाने गव्हाच्या पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांत भाजून झालं नाही तर ते खमिराचं. म्हणजे सासूबाई कणीक अर्धा तास मुरत ठेवतात ती पोळी बाद! ज्वारीची भाकरी मात्र त्यांच्या पाच धान्यांत मोडतच नाही, त्यामुळे तिला त्यांचा ‘खमीर’ही लागत नाही आणि ती त्यांची मत्सा, म्हणजे सणाची बेखमीर पोळीही होत नाही. बायबलच्या मराठीत मात्र ‘बेखमीर भाकरी’ असं आहे, आणि भाकरी आपण रोज बेखमीरच खातो. पाव, इडलीचं पीठ, जिलबी एवढं आठवडाभर बाजूला ठेवून मुलाला निर्गम १२ वाचून दाखव. घाईत निघालेल्या लोकांना पीठ फुगायची वाट बघता आली नाही, हे त्याला पोळपाटाशी उभं राहून कळेल. ह्यात कोणाची नक्कल नाही, कोणावर सक्ती नाही, आणि सासूबाईंना भाकरी थापायला तुझ्यापेक्षा चांगली येते.

जाता जाता, शनिवारही पाळायला सांगत असतील तर औंध रोडच्या स्पायसरवाल्यांना विचार. ॲडव्हेंटिस्ट शनिवार किती काटेकोर पाळतात ते सगळ्या पुण्याला माहीत. ते लोकसुद्धा वर्षाच्या सणांना ख्रिस्ती माणसावरचं बंधन मानत नाहीत.

नाताळाचं थोडक्यात. २५ डिसेंबर बायबलमध्ये नाही, कबूल. रोममध्ये ही तारीख पाळल्याचा सगळ्यात जुना पुरावा ३३६ चा. ती सूर्याच्या सणावरून आली की २५ मार्चला गर्भधारणा धरून नऊ महिने मोजले, ह्यावर अभ्यासकांत दोन पक्ष आहेत. तुमच्या गटात एकच पक्ष सांगतात. आणि हा वाद नवा नाही. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन लोकांनी १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. आता गंमत ऐक. नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनची पाळंमुळं त्याच मॅसॅच्युसेट्सच्या त्याच परंपरेतली. आणि स्कॉटिश मिशनवाले? त्यांच्या देशात नाताळची सार्वजनिक सुट्टी मिळाली १९५८ मध्ये! म्हणजे आपल्या पणज्यांना करंज्या तळायला कुठल्या मिशनरीने शिकवलं नाही. दिवाळीत शेजारणीकडून फराळ यायचा, त्याच्या ताटात परत काय द्यायचं म्हणून त्यांनी नाताळात तळण काढलं असणार. हा माझा तर्क आहे, पण सासूबाईंना विचारून बघ. नगरकडची बाई आहे, तुझ्या गटाला ठाऊक नसलेलं बरंच काही सांगेल. तिच्या गावी हंगामाच्या सणाला देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पोत्यांनी ज्वारी-बाजरी यायची का, कोंबड्या यायच्या का, त्यांचा लिलाव कसा व्हायचा हेही विचार. प्रथमपिकाचा सण तिने बहुधा तुझ्याआधी पाळलाय, लेवीय २३ न काढता.

राहिला अबोला. मुलाला आजच सांग की हो, आपण ख्रिस्ती आहोत, कालही होतो. हे नवऱ्यासमोर सांग. डिसेंबरात चांदणी त्याच्या हातून लावून घे. तुला नाताळ मनापासून नको असेल तर त्या दिवशी देवळात जाऊ नकोस, कोणी ओढून नेणार नाही. पण करंज्या लाटायला बस. करंजीत धर्म नसतो, खोबरं असतं. गट सोड असं मी म्हणणार नाही. एक मात्र तिथे विचार: जो हे सण पाळत नाही तो तुमच्या मते तरला की नाही? उत्तर देताना घोटाळले, तर पुढच्या बैठकीला गलतीकरांस पत्र घेऊन जा.

आणि मांडव घाल. पण गॅलरीत नको, तो होतच नाही. डोक्यावर वरच्या मजल्याची गॅलरी असेल तर यहुदी नियमाने तो मांडव नव्हे. वर आभाळ लागतं. ताडपत्री किंवा पत्रा चालत नाही, झाडाचंच छप्पर हवं, रात्री फटींतून तारे दिसतील इतकं विरळ. नारळाच्या झावळ्या मंडईजवळ मिळतात. गच्ची सोसायटीची आहे, सेक्रेटरींना आधी विचार, आणि मांडव कसला हे नीट सांग, नाहीतर ते वर्गणी द्यायला येतील. सण पौर्णिमेला लागतो, बहुतेक कोजागरीच्या नाहीतर भाद्रपदातल्या, त्यामुळे चांदणं फुकट. त्याच्या आधी एकदा रास्ता पेठेत जाऊन विचारून ये, परक्यांना बघायला येऊ देतात का. सुरक्षेमुळे ओळखपत्र मागतील, वाईट वाटून घेऊ नकोस.

अनुवादातल्या त्या यादीत विधवाही आहे, तेव्हा सासूबाईंना पहिली खुर्ची. परतीचा पाऊस आला तर मात्र हट्ट करू नका. मिश्नात तशी सूट आहे: ताटातली पेज बिघडेल इतका पाऊस लागला की मांडवातून उठून घरात जावं. तेव्हा ताटं उचला आणि खाली या.

तुझी,
काकू